रेल्वेचा पावसाळा कधी लागतो?

पत्र

काका, नमस्कार.

कुडाळ एमआयडीसीत आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. बाबांनी आयुष्यभर होड्या बांधल्या, आधी लाकडाच्या, मग फायबरच्या. चार वर्षांपूर्वी मी रेल्वेच्या कामात शिरलो. पुण्याकडची एक कंपनी डब्यांची आतली फिटिंग करून कोच फॅक्टऱ्यांना पुरवते. तिच्यासाठी आम्ही टॉयलेटच्या भिंतींचे पॅनल आणि बेसिनखालची कव्हरं बनवतो. गेल्या वर्षी मार्चपर्यंत महिन्याला पंधरा सेट जात होते. मग साडेचार महिने शून्य. विचारलं की एकच उत्तर, "ड्रॉइंग बदलतंय, थांबा." ऑगस्टमध्ये अचानक फोन आला, सहा आठवड्यांत ऐंशी सेट द्या. रात्रपाळ्या लावून ५२ दिले, उरलेल्यांवर दंड कापला गेला. पैसे हातात यायला शंभर-एकशेदहा दिवस लागतात. अकरा मुलं कामाला होती, त्यातली तीन गोव्याला निघून गेली.

आता कंपनीचे परचेसवाले म्हणतात, पुढच्या वर्षी काम दुप्पट होणार, क्षमता वाढवा. बँक ३५ लाख द्यायला तयार आहे. बायको म्हणते, मधला माणूस हवाच कशाला, थेट रेल्वेच्या टेंडरला उतरा. बाबांचं म्हणणं वेगळंच: "दर्याचो पावसाळो तरी ठरलेलो असता. तुझ्या रेल्वेचो पावसाळो कधी लागतलो, ता कोण सांगतलो?" होड्यांकडे परत जाऊ की टिकून राहू?

— एक वाचक, कुडाळ

उत्तर

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. रेल्वेला माल पुरवणाऱ्यांची सगळी रड त्यांनी दोन वाक्यांत मांडली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हे आपल्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या ६१ दिवसांसाठी घरात तांदूळ भरलेला असतो, जाळी विणायला काढलेली असतात, उधारी देणारा दुकानदारही तारीख धरूनच देतो. कमाई बंद असते, पण ती कधी सुरू होणार ते माहीत असतं. तुमचे साडेचार महिने बिनतारखेचे होते. त्यांनीच तुम्हाला मोडलं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. ३५ लाखांचं कर्ज आत्ता घेऊ नका. रेल्वे सोडूही नका. बायको म्हणते ते अर्धं बरोबर आहे: थेट टेंडरला उतरा, पण नव्या डब्यांच्या नको, जुन्या डब्यांच्या दुरुस्तीच्या. आता कारणं. पण त्याआधी माझी फजिती ऐका, म्हणजे हा म्हातारा कर्जाला नको का म्हणतोय ते कळेल.

१९९१ साली रत्नागिरीला मिरजोळ्यात माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं. कोकण रेल्वेचं बांधकाम सुरू झालं आणि आमचं नशीब उघडलं. पुलांच्या खांबांना शटरिंगच्या प्लेटा, सळ्या वाकवण्याचे जिग, बोगद्यात वापरायच्या शिड्या, जे मागतील ते आम्ही करत होतो. दुकानापुढे ट्रक उभा नाही असा दिवस जात नसे. १९९५ च्या शिमग्याच्या सुमारास एका ठेकेदाराचा मॅनेजर चहा पिता पिता म्हणाला, "ही लाइन झाली की पुढे यापेक्षा मोठी कामं आहेत. दुसरं मशीन घेऊन ठेवा." मी प्लेट वाकवायचं दुसरं मशीन घेतलं, घराच्या कागदांवर. त्या वाक्याला कागद नव्हता, कर्जाला होता.

२६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर सबंध मार्ग देशाला अर्पण झाला. अख्ख्या कोकणाने पेढे वाटले, मीही वाटले. काम तर त्याआधी वर्षभर आटलेलंच होतं. पूल उभे राहिल्यावर शटरिंग कोणाला लागतं? नवं मशीन अडीच वर्षं ताडपत्रीखाली होतं. एका पावसात शेजारच्या मांजरीने त्याच्या पाटावर पिल्लं घातली, आणि खोटं कशाला बोलू, त्या मशीनचा तेवढाच उपयोग झाला. शेवटी कोल्हापूरच्या एका माणसाने ते तिसऱ्या हिश्श्याला नेलं.

ठेकेदार खोटं बोलला असं मी आजही म्हणत नाही. त्याला मोठी कामं मिळालीच, दुसऱ्या राज्यात. माझं दुकान मिरजोळ्यातच राहिलं.

तुमचे परचेसवालेही खोटं बोलत नसतील. देशात डबे भरपूर बनताहेत. २०२३-२४ मध्ये ६,५४१ आणि २०२४-२५ मध्ये ७,१३४ डबे बाहेर पडले. वरून पाहिलं तर आलेख चढताच आहे. पण तुम्ही "डबा" बनवत नाही. तुम्ही एका प्रकारच्या डब्याच्या, एका ड्रॉइंगच्या, एका रिव्हिजनचं, म्हणजे त्या ड्रॉइंगच्या एकाच आवृत्तीचं पॅनल बनवता. वर एक सही झाली की एसी डब्यांच्या जागी बिगर-एसी डबे येतात. डब्यांची एकूण संख्या तेवढीच राहते किंवा वाढतेही, आणि तुमचा मोल्ड, म्हणजे साचा, मात्र रिकामा बसतो.

ही सही काय करते, याचं आपल्याच राजापूर मतदारसंघाचं उदाहरण आहे. तिथले खासदार मधू दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर नुसत्या लाकडी फळ्या असत. दंडवत्यांनी त्यावर दोन इंचांचा फोम घालायला लावला. प्रवाशांच्या पाठी त्यांना अजून दुवा देतात. पण फळ्या तासून देणारा कोणी छोटा कारखानदार तेव्हा असेलच ना? त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार! निर्णय शंभर टक्के योग्य असतो, तरी एखाद्याचं दुकान बसतं.

वंदे भारतचंही तेच पाहा. पहिली गाडी चेन्नईच्या कोच फॅक्टरीने सुमारे दीड वर्षात उभी केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती धावलीही. दुसरी त्याच वर्षी ऑक्टोबरात. आणि तिसरी? ३० सप्टेंबर २०२२. मधल्या काळात चौकशा झाल्या, ४४ गाड्यांची निविदा २०२० मध्ये रद्द झाली, पुन्हा काढली गेली, वर कोरोना. ज्यांनी पहिल्या दोन गाड्यांसाठी आसनं, दरवाजे, पॅनल यांचे साचे बनवले असतील, ते तीन वर्षं काय करत असतील? आज मुंबई-मडगाव वंदे भारत तुमच्या कुडाळला न थांबता जाते. पुढच्या वेळी ती जाताना पाहिलीत की ही तीन वर्षं आठवा.

लातूरकरांना तर विचारूच नका. कोच फॅक्टरीचं भूमिपूजन मार्च २०१८ मध्ये, पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला तयार. त्यानंतर एवढी मोठी शेड मोठ्या कामाची वाट पाहत बसली. तिथे बांधायच्या १२० स्लीपर वंदे भारत गाड्यांचा करार सप्टेंबर २०२३ मध्ये झाला, मग टॉयलेट किती, पॅन्ट्री कुठे, यावरून डिझाइनच्या चर्चेत आणखी वेळ गेला. सरकारी शेड वाट पाहू शकते. तिला बँकेचा हप्ता नसतो.

हे फक्त आपल्याकडेच असंही नाही. इंग्लंडात डर्बी नावाचं गाव आहे, तिथे रेल्वेचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालतं. तिथल्या कारखान्याला २०२४ मध्ये दोन ऑर्डरींच्या मधली पोकळी इतकी जाचली की बंद पडायची वेळ आली. शेवटी सरकारने लंडनच्या एलिझाबेथ लाइनसाठी दहा गाड्यांची जादा ऑर्डर काढून तो तगवला. डर्बीसाठी मंत्री धावले. कुडाळसाठी कोणी धावणार नाही, एवढं धरून चाला.

सगळा घोळ साखळीचा आहे. रेल्वे थांबली की कोच फॅक्टरी थांबते, ती थांबली की तुमची पुण्याची कंपनी. पण त्या कंपनीकडे मेट्रोचं काम असतं, बसचं असतं, ती पोकळी पचवते. तुमच्याकडे एकच गिऱ्हाईक. म्हणजे वरून निघालेली पोकळी जिरायला शेवटी जी जागा उरते, ती तुमची. आणि त्या जागेचं भाडं तुम्ही आजवर लावलेलंच नाही. तुमचा दर काढताना रेझिन, मॅट, मजुरी, वीज, वाहतूक सगळं धरलं असेल. रिकामे महिने धरलेत का? वर्षातले आठ महिने काम आणि बारा महिने हप्ता, असा हिशेब मांडून दर काढा. आकडा पाहून परचेसवाले हसतील. हसू द्या. त्या आकड्याला काम परवडत नसेल, तर ते आजही परवडत नाहीये. फरक इतकाच की सध्या तो फरक तुम्ही बाबांच्या होड्यांच्या नफ्यातून भरताय.

पुढच्या बोलणीला जाताना दोन-तीन गोष्टी कागदावर मागा. मोल्डचे पैसे वेगळे आणि आधी, पॅनलच्या दरात मुरवलेले नकोत. रिव्हिजन बदलली तर तयार माल आणि कापलेला कच्चा माल त्यांनी उचलायचा. त्यांना वरून मिळालेल्या ऑर्डरीचं वेळापत्रक तुम्हाला दाखवायचं. दर नका दाखवू म्हणावं, तारखा दाखवा. रेल्वेच्या पुरवठा करारांत माल तीस टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करायची मुभा बहुधा असते, तीही त्यात आहे का ते विचारा. तुमच्या ऐंशी सेटमधले काही त्या मुभेतून आले असणं अगदी शक्य आहे. वरून झालेला दंड तुमच्यापर्यंत येणार असेल, तर तुमच्यामुळे झालेल्या उशिरापुरताच यावा. साडेचार महिने तुम्हाला थांबवून ठेवायचं आणि मग सहा आठवड्यांच्या मुदतीवर दंड कापायचा, हे मला पटलेलं नाही. तुम्ही पत्रात ते एका ओळीत गिळून टाकलंत, मला मात्र तिथेच राग आला.

एकशेदहा दिवसांचं काय? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. हा २००६ चा कायदा आहे, उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही आहे. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पण एकुलत्या एक गिऱ्हाइकावर तक्रार म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तिच्यावर कोयता, हे तुम्हालाही कळतं. त्यापेक्षा मऊ मार्ग आहे. प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी केलेल्या नोंदीचा, क्रमांक ठळक छापा. मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च कंपनीला आयकरात वजा करता येत नाही, हा नियम आता आहे. मार्च जवळ आला की त्यांच्या सीएलाच तुमची आठवण येईल. दुसरं म्हणजे ट्रेड्स, लहान उद्योगांच्या बिलांवर बँकांकडून लवकर पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी करावीच लागते. कंपनीने तुमचं बिल तिथे मान्य केलं की कोणीतरी बँक थोडी कसर कापून तुम्हाला आठवडाभरात पैसे देते. "ट्रेड्सवर घेता का?" एवढं विचारायला काही लाजायचं कारण नाही.

आता बायकोच्या सल्ल्याकडे वळू. नवे डबे कधी किती बनणार हे दिल्लीत ठरतं. धावणारे डबे मात्र झिजतातच, दिल्लीत काहीही ठरो. मेल-एक्स्प्रेसचा डबा साधारण दीड वर्षाने मोठ्या देखभालीसाठी वर्कशॉपात जातो. आपल्याला जवळची म्हणजे माटुंगा, लोअर परळ आणि हुबळी. तिथे टॉयलेटचं फुटलेलं पॅनल, तडा गेलेलं कव्हर, कुजलेली दाराची चौकट बदलतात. गणपतीला चाकरमान्यांनी भरून आलेल्या गाडीतल्या टॉयलेटची काय दशा होते ते तुम्ही पाहिलंच असेल. ती दशा म्हणजे तुमचं काम आहे. ऑर्डरी लहान असतात, पण कॅलेंडरने येतात. बाबांना हवा होता तो ठरलेला पावसाळा इथे आहे.

ही टेंडरं रेल्वेच्या आयआरईपीएस पोर्टलवर निघतात. आधी तुमच्या वस्तूला मंजुरी कोणाची लागते ते पाहा, लखनौच्या आरडीएसओची (रेल्वेची मानकं ठरवणारी संस्था), एखाद्या कोच फॅक्टरीची की कोणाचीच नाही. वस्तूगणिक हे बदलतं. मंजुरी लागत असेल तर सुरुवातीला विकसनशील पुरवठादार म्हणून छोटा वाटा मिळतो, मोठा नाही. सूक्ष्म-लघु उद्योगाला अनामत रक्कम भरावी लागत नाही. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असला आणि तुमचा त्याच्या पंधरा टक्क्यांच्या आत असला, तर त्याच दराने पंचवीस टक्क्यांपर्यंत माल द्यायची संधी लहान उद्योगांना मिळते. बायकोला म्हणावं, हे वाचायचं काम तुझ्याकडे. टेंडरमधली बारीक अक्षरं वाचायला चिकाटी लागते. पत्रावरून तरी ती मला तुमच्यापेक्षा तिच्यात जास्त दिसते.

मालाबद्दल तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. होडीचं रेझिन रेल्वेत चालत नाही. डब्यातल्या मालाला आगीची आणि धुराची चाचणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून. आजवर हे प्रमाणपत्र पुण्याची कंपनी आपल्या नावाने लावत असेल, आता ते तुमच्या नावाने लागेल. त्यात पैसा आणि काही महिने जातील. ३५ लाखांतले दोन-तीन लाख काढायचेच असतील तर इथे काढा. मोठी शेड आणि व्हॅक्यूमचं मशीन नंतर.

होड्या सोडू नका हे वेगळं सांगायला हवं का? ऑगस्टच्या आधी नवी होडी हवी असणारा शिमग्यालाच इसार देऊन जातो, जून-जुलैत दुरुस्त्या येतात. तारकर्ली-देवबागला पर्यटकांच्या होड्या आहेतच. त्यांना रंग उडालेली होडी एक दिवसही परवडत नाही. त्या पैशांतून शेडचं भाडं आणि मुलांचा पगार निघाला पाहिजे. रेल्वेचा पैसा त्याच्या वरचा. आपल्याकडे पावसात हवा इतकी दमट असते की जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थर, नीट बसत नाही, हे बाबांनी तुम्हाला लहानपणीच शिकवलं असेल. म्हणून रेल्वेच्या पॅनलची मोठी मुदत जून ते सप्टेंबरमध्ये कधीच कबूल करू नका. तुमच्या ऐंशी सेटमधल्या अठ्ठावीसांचं काय झालं, याचं एक कारण मला इथेच दिसतंय.

गोव्याला गेलेल्या तिघांना फोन करा. परत बोलावू नका, नुसता फोन करा. होडीबांधणीत मुरलेली मुलं आहेत, तिथे कोणत्या यार्डात काय काम चाललंय ते त्यांच्याकडून कळेल. बाहेरून फायबरचं काम करवून घेणारं एखादं यार्ड निघालं तर तेच तुमचं दुसरं गिऱ्हाईक.

शेवटी एक विचारायचं राहिलं. ड्रॉइंग बदललं म्हणता, मग जुन्या रिव्हिजनचा मोल्ड कुठे आहे? पत्रात त्याबद्दल काहीच नाही. शेडच्या मागे माडाखाली उन्हात उभा असेल तर आजच आत घ्या, उन्हाने तो वाकेल. त्याचे पैसे कोणी दिले आणि करारात तो कोणाच्या मालकीचा लिहिलाय तेही तपासा. तुमच्या मालकीचा असेल आणि करारात दुसऱ्याला माल द्यायला मनाई नसेल, तर तो भंगारवाल्याला दाखवू नका. त्या ड्रॉइंगचे पॅनल लागलेले डबे आत्ता रुळांवर धावताहेत, आणि दीड वर्षाने ते माटुंग्याला जाणार आहेत.